साखर बंद, गूळ चालू : रक्ताला फरक कळतो का?



१४ एप्रिलच्या आधी आमच्या वस्तीत विहाराच्या ओट्यावर आम्ही साखर आणि रक्तदाब तपासायला बसलो होतो. दोन टेबले, एक ग्लुकोमीटर, पट्ट्यांचे चार डबे. दुपारी जेवणानंतर एक मावशी आल्या. पन्नाशी उलटलेली, चार घरची धुणीभांडी करून आलेल्या. बोटाला सुई टोचली, पट्टीवर थेंब घेतला, आकडा आला ३१८.

मावशी म्हणाल्या, "सिस्टर, तुमची मशीन बिघडलीय. आमच्या घरात दोन वर्षं झाली साखरेचा दाणा येत नाही. चहासुद्धा गुळाचा करतो."

पट्टी बदलून पुन्हा तपासले. आकडा तोच, दोन-चार इकडेतिकडे. मग हळूहळू चौकशी केली. गूळ चांगला, साखर वाईट, असे त्यांना शेजारणीने सांगितले होते. शेजारणीला तिच्या मुलाच्या मोबाईलवर आले होते. गूळ सुरू केल्यावर मावशींनी चहा दिवसाला दोनाचे चार केले, कारण आता भीती नव्हती. आणि सहा महिन्यांपासून सकाळची गोळीही सोडली होती. "साखरच खात नाही, तर साखरेची गोळी कशाला?" हा त्यांचा प्रश्न. उठताना त्या किंचित लंगडल्या. चप्पल काढायला लावली, तर तळपायाला, बोटांच्या मुळाशी, रुपयाएवढी जखम. त्यांना ती दुखतही नव्हती.

मावशींचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आज आपण गूळ, मध, खडीसाखर, काकवी हे पदार्थ आणि साधी पांढरी साखर यांत रक्ताच्या दृष्टीने किती फरक आहे, ते नीट समजून घेऊ. हा गैरसमज आमच्या प्रत्येक तपासणीत भेटतो आणि तो महागात पडतो.

एकाच उसाची दोन रूपे

आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसे ऊसतोडीला गेलेली आहेत. गुऱ्हाळही अनेकांनी पाहिले असेल. उसाचा रस काढतात, मोठ्या काहिलीत उकळतात, भेंडीच्या झाडाचा चिकट रस किंवा चुना टाकून वर येणारी मळी काढतात, रस घट्ट झाला की साच्यात ओततात. थंड झाली की ढेप तयार. रसातले पाणी उडाले, बाकी जे होते ते बहुतेक सगळे ढेपेत राहिले.

साखर कारखान्यातही तोच रस येतो. तिथे तो साफ करून, आटवून त्याचे दाणे पाडतात आणि दाण्याभोवतीचा काळा चिकट भाग यंत्रात गरगर फिरवून वेगळा काढतात. दाणे म्हणजे साखर. काळा भाग म्हणजे मळी.

म्हणजे गूळ आणि साखर यांत फरक आहे तो त्या काळ्या भागाचा. तो गुळात राहतो, साखरेत राहत नाही. पण त्या भागाचा वाटा थोडा आहे. १०० ग्रॅम पांढऱ्या साखरेत जवळजवळ १०० ग्रॅम साखरच असते. १०० ग्रॅम गुळात साधारण ८५ ग्रॅम साखर असते, उरलेले पाणी, थोडी खनिजे आणि रंग-वास देणारे घटक. १०० ला ८५. एवढाच फरक. आणि हा फरकही हातात राहत नाही, कारण तेवढीच गोडी यायला गूळ थोडा जास्त घालावा लागतो.

पोटात गेल्यावर काय होते?

साखरेच्या एका कणात दोन भाग जोडलेले असतात : एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. लहान आतड्यात पाचकरस ही जोडी तोडतात. ग्लुकोज काही मिनिटांत रक्तात उतरते. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर दिसते ते हेच. फ्रुक्टोज यकृताकडे जाते. तिथे ते थोडेथोडके असेल तर निभावते, रोज भरपूर आले तर त्याची चरबी होऊ लागते आणि यकृतावर सूज येण्याची वाट मोकळी होते.

गुळातली बरीचशी साखर हीच जोडीची साखर. काही भागात ही जोडी उकळतानाच तुटलेली असते. आतड्याला ती तोडण्याचे कामही उरत नाही. ही साखर गुळातून आली की पांढऱ्या डब्यातून, हे आतड्याला कळत नाही. रक्तालाही कळत नाही.

कोणता पदार्थ साखर किती वेगाने चढवतो, हे मोजायची एक पट्टी आहे. त्यात नुसत्या ग्लुकोजला १०० धरतात. साध्या साखरेचा आकडा ६५ च्या आसपास येतो. मधाचा ६० च्या आसपास, पण मधाच्या जातीप्रमाणे खालीवर. गुळाचे आकडे वेगवेगळ्या चाचण्यांत वेगवेगळे आले आहेत, काहींत तर साखरेहून वर. गुळाने साखर सावकाश चढते म्हणून तो मधुमेहींना चालतो, असे जे सांगितले जाते, त्याला आधार नाही.

मध, खडीसाखर, काकवी, खजूर

एकेक पाहू.

खडीसाखर म्हणजे साखरच. पाक करून तिचे मोठे खडे पाडलेले. ती "थंड" असते म्हणून मधुमेहींना देणारे लोक आम्ही पाहिले आहेत. रक्तातला आकडा तिने तेवढाच वाढतो.

तपकिरी साखर म्हणजे थोडी मळी अंगाला राहिलेली किंवा लावलेली साखर. दुकानात ती दुप्पट भावाने विकतात. रंगाचे पैसे.

काकवी म्हणजे ढेप होण्याआधीचा पातळ गूळ. पाणी जास्त, म्हणून वजनाला साखर थोडी कमी. पण भाकरीसोबत वाटीभर खाल्ली तर हिशेब तिथेच येतो.

ताडगूळ आणि नारळाची साखर झाडाच्या गोड रसापासून होतात. त्यांच्यातही मुख्य घटक तोच, उसाच्या साखरेतला.

मधात १०० ग्रॅमला साधारण ८० ग्रॅम साखर, बाकी बहुतांश पाणी. मधात फ्रुक्टोज अधिक असल्याने पट्टीवरचा आकडा थोडा कमी चढलेला दिसू शकतो. पण मध जड असतो. चमचाभर साखर ४ ते ५ ग्रॅम भरते, चमचाभर मध ७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका चमचा मधात एका चमचा साखरेपेक्षा जास्तच साखर जाते. सकाळी कोमट पाण्यात दोन चमचे मध घेऊन "साखर उतरते" असे मानणारे भाऊ दिवसाची सुरुवातच साखरेने करतात. आणि एक गोष्ट सगळ्या आयांसाठी : एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, घुट्टीतूनही नाही. मधातून येणाऱ्या एका जंतूचे विष बाळाचे अंग लुळे पाडू शकते.

खजुरात साखर आहे, पण सोबत चोथाही आहे, म्हणून ती थोडी सावकाश उतरते. एका लहान खजुरात साधारण एक चमचा साखर धरा. मधुमेह ताब्यात असेल तर एखादा चालेल, तोही मोजून. खजुराचे लाडू आणि खजुराचा पाक हा मोजून खाण्याचा प्रकार नव्हे.

पण गुळात लोह असते ना?

असते. थोडे. १०० ग्रॅम गुळात साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम. आता हिशेब करा. सुपारीएवढा खडा साधारण १० ग्रॅमचा. त्यातून मिळते फार तर अर्धा मिलिग्रॅम. मोठ्या बाईला दिवसाला लागते २९ मिलिग्रॅम. आणि गुळातले सगळे लोह अंगी लागतही नाही.

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून जी लाल गोळी फुकट मिळते, त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे लोह गुळातून घ्यायचे तर एका दिवसात किलोभराहून जास्त गूळ खावा लागेल. म्हणून रक्त कमी असेल तर गोळी घ्या. पालेभाज्या, डाळी, मटकी खा, वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागते. मांसाहार चालत असेल तर कलेजी, मासे खा. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह अडवतो.

शेंगदाणा-गुळाचा लाडू वाढत्या, धावत्या, कृश पोराला द्यायला हरकत नाही. त्यातले बळ मुख्यतः शेंगदाण्याचे आहे.

"आमची आजी तर रोज गूळ खायची"

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तो रास्त आहे. उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी द्यायची आपली रीत जुनी आहे. पण ती आजी पहाटेपासून दिवे लागेपर्यंत खुरपत होती, पाणी वाहत होती, मैलोन्‌मैल चालत होती. तिच्या अंगाने तो खडा तासाभरात जाळला. शिवाय गूळ तिला रोज मनासारखा मिळत कुठे होता? आणि तिची साखर कधी कुणी तपासली होती? "पायाला गँगरीन झाले", "नजर गेली", "एकाएकी गेली", असे ज्या म्हाताऱ्यांविषयी आपण ऐकतो, त्यांतल्या काहींना मधुमेह असणार. नाव कळले नाही, एवढेच.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे आणि त्याहून जास्त, १३ कोटींवर लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचे दिसले. हा श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. आपल्या ताटात रेशनचा तांदूळ आणि गहू भरपूर, भाजी-डाळ कमी. कामे बैठी होत चालली. दर दोन तासांनी गोड चहा, सोबत टोस्ट, खारी, बिस्किट. त्यात झोप अपुरी आणि कर्जाची काळजी.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांच्या आहाराकडे आणि औषधांकडे लक्ष देत. म्हणून हा आजार लपवायची लाज नको.

गूळ मोजला जात नाही, हाच खरा घोटाळा

साखर आपण चमच्याने घालतो. "दोन चमचे घाल, एक घाल," असे बोलतो तरी. गूळ आपण सुरीने खरवडतो किंवा बत्त्याने फोडतो आणि अंदाजाने टाकतो. हाताला लागलेला खडा तोंडात जातो तो वेगळाच. गूळ वाईट पदार्थ नाही. पण "हा चालतो" असे एकदा मनाने घेतले की हात सैल सुटतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावी आणि ५ टक्क्यांच्या आत ठेवली तर आणखी बरे. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, पाच-सहा चमचे. यात मध, पाक, फळांचा रस सगळे धरले आहे. निरोगी माणसासाठी ही मर्यादा आहे. मधुमेहीने त्याहून खूप कमी.

आता आपल्या दिवसाचा हिशेब करा. दोन चमचे साखरेचा एक चहा म्हणजे १० ग्रॅम. चार चहा म्हणजे ४०. उन्हात घेतलेला उसाचा एक मोठा पेला रस म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास. वैशाख पौर्णिमेची वाटीभर खीर म्हणजे सहज २०-२५ ग्रॅम, गुळाची असो वा साखरेची.

घरीच पडताळून पाहा

आमचे म्हणणेही नुसते ऐकून मानू नका. ज्यांच्या घरी किंवा गल्लीत ग्लुकोमीटर आहे त्यांनी हे करून पाहा. मात्र रोजची गोळी किंवा इन्सुलिन बंद करायचे नाही, आणि मुद्दाम जास्तीचे गोड खायचे नाही. तुम्ही रोज जो चहा पिता, तोच घ्यायचा.

एके दिवशी सकाळी उपाशीपोटी साखर मोजा. मग नेहमीचा साखरेचा एक कप चहा घ्या, दुसरे काही नाही. बरोबर एक तासाने पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाच्या गुळाचा चहा घेऊन तसेच करा. वजन किराणा दुकानदाराच्या काट्यावर करून घ्या, अंदाज नको. तिसऱ्या दिवशी बिनगोडाचा चहा. सहा आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. पहिल्या दोन दिवसांचे आकडे आणि तिसऱ्या दिवसाचे आकडे शेजारी ठेवले की आणखी कुणी समजावायला लागत नाही.

मग करायचे काय?

१. चहाची गोडी उतरवा. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. महिना-दीड महिन्यात जीभ सरावते. आले, गवती चहा, वेलची घाला.

२. मधुमेह असेल तर गूळ, मध, खडीसाखर, काकवी यांना साखरच समजा. सणाला दोन घास खायचे असतील तर जेवणासोबत खा, त्या वेळचा भात किंवा एक पोळी कमी करा आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे चाला.

३. खीर करणाऱ्या मंडळांना विनंती : पातेल्यात गोड निम्मे घाला, दूध आणि तांदूळ तेवढेच राहू द्या. वाटी लहान ठेवा. आणि शेजारी एका टेबलावर साखर तपासणी ठेवा.

४. पाकिटावर "साखर नाही" लिहिलेले असले तरी मागची बाजू वाचा, नाहीतर शाळकरी पोराकडून वाचून घ्या. आत गूळ, मध, खजुराचा पाक असेल तर ती साखरच. "मधुमेहींसाठी खास गूळ" यावर पैसे घालवू नका. तेवढ्या पैशांत महिनाभराची मटकी येते.

५. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तपासणी करा. सरकारी आरोग्य केंद्रात आणि आपला दवाखान्यात ती मोफत होते. आशाताईंना विचारा. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा वर म्हणजे पुन्हा तपासून डॉक्टरांना भेटायचे.

६. गरोदर मुलीची साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करून घ्या. ग्लुकोजचे पाणी प्यायल्यावर दोन तासांनी आकडा १४० किंवा वर आला तर "गूळ-शेंगदाणे खा, बाळ गुटगुटीत होईल" हा सल्ला तिला देऊ नका.

साखर औषध होते तेव्हा

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचा. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर कधी एकदम उतरते. जेवण चुकले, जास्त श्रम झाले, उलट्या झाल्या की असे होते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे असंबद्ध होते. ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली दिसतो. अशा वेळी "मधुमेह आहे, साखर कशी देऊ?" म्हणून थांबू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमी असेल तर पुन्हा द्या. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्या. गुळाचा खडा चघळत बसण्यापेक्षा विरघळलेली साखर लवकर उतरते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा.

मावशींचे पुढे

मावशींना आम्ही त्याच संध्याकाळी मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. जखम आत खोल गेली होती. दोन बोटे काढावी लागली, पाय वाचला. सव्वा महिना कामावर जाता आले नाही. चारपैकी दोन घरांनी दुसरी बाई ठेवली.

त्यांची बोटे गुळाने नेली, असे आम्ही म्हणणार नाही. गुळावर विसंबून त्यांनी गोळी सोडली, तपासणी सोडली, पायाकडे पाहणे सोडले. गूळ म्हणजे औषध, असे त्यांना ज्याने सांगितले त्याचा हेतू वाईट नव्हता. पण आकडा पाहिल्याशिवाय सांगितले.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी बिनसाखरेचा चहा पुढे केला. त्यांची सून म्हणाली, "सिस्टर, थोडा गूळ घालू का तुमच्यात?" मावशी आतूनच ओरडल्या, "काट्यावर मोजून घाल गं!"

लक्षात ठेवा

• गूळ, मध, खडीसाखर, काकवी ही साखरेचीच रूपे आहेत. रक्तातली साखर सगळ्यांनी वाढते.
• रक्त वाढवायला गूळ पुरत नाही. लोहाची गोळी घ्या.
• गोड बंद केले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका.
• साखर ७० च्या खाली आली तर साखरेचे पाणी लगेच द्या.
• मधुमेह असलेल्याचे तळपाय रोज रात्री पाहा. स्वतःला दिसत नसतील तर घरातल्याने पाहा.